ऑर्व्हिल स्टब्जचं वाक्य

ऑर्व्हिल स्टब्जची पाठ अमेरिकेतल्या बहुतेक माणसांनी पाहिलेली होती. फक्त ती ऑर्व्हिलची आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं तो हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा होता. नायक-नायिका भांडत असताना मागच्या टेबलावर सूप पिणारा, आगगाडी सुटताना हात हलवणारा, कोर्टात तिसऱ्या रांगेत बसून आश्चर्यचकित होणारा, असली सगळी कामं त्याने मान खाली घालून आणि पाठ पुढे करून केली होती. "आमच्या धंद्यात पाठीला फार महत्त्व आहे," तो शेजाऱ्यांना सांगायचा. "मागे कोणी जेवतच नसेल तर ते हॉटेल चालतं कसं, असं लोकांच्या मनात येणार नाही का?" शेजारी मान डोलवायचे आणि मग विचारायचे, "पण तोंड कधी दिसणार?"

तोंड एकदा दिसलं होतं म्हणे, १९३४ साली, एका वादळात. त्याची बायको व्हर्ना तो सिनेमा तीनदा बघून आली आणि तिन्ही वेळा तिला नेमकी शिंक आली.

हे सगळं ऑर्व्हिलने हसून सोडून दिलं असतं. माणसाला सवय होते. पण आयोवातल्या एका लहानशा गावात त्याचे वडील होते, लिव्हाय स्टब्ज, वय वर्षं चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी गुराढोरांचे लिलाव पुकारले. त्यांनी बोली पुकारली की नदीपलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची, असं लोक सांगत. अशा बापाच्या पोटी हा कानात कुजबुजल्यासारखा बोलणारा मुलगा जन्मला, आणि तोही घरचा धंदा टाकून सिनेमात गेला. लिव्हायबाबा दर शनिवारी गावच्या थिएटरात जाऊन बसायचे आणि दर महिन्याला एक ओळ लिहायचे, "पाहिला. दिसला नाहीस." मग दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तरीही शनिवार चुकला नाही. ऑर्व्हिलची बहीण कोरा त्यांचा हात धरून नेते आणि ते नुसते ऐकत बसतात. गेल्या नाताळात कोराच्या अक्षरात त्यांचं पत्र आलं: "दिसत होतं तेव्हा तू दिसला नाहीस. आता ऐकू येतंय तोवर काही बोलशील का?"

ते पत्र ऑर्व्हिलने व्हर्नाला दाखवलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि रोज कामावर नेलं. बोलायचं तर बोलायचं, पण एक्स्ट्राला बोलायला देतं कोण?

आता देवाची लीला बघा. त्या वर्षी, म्हणजे सत्तेचाळीस साली, एक प्रेमाचा विनोदी सिनेमा निघत होता. लढाईवरून परतलेला एक शिपाई आणि एक टायपिस्ट मुलगी. शहरात भाड्याने खोली मिळत नाही, म्हणून घरमालकिणीला खोटंच सांगतात की आम्ही नवरा-बायको आहोत. पुढे काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल, तिकीट काढणाऱ्यांनाही कळायचं. नायक डेक्स्टर हेल, नायिका मोना फेअरली. मोना खरोखरच गोड मुलगी. सेटवर एक्स्ट्रांनासुद्धा नावाने हाक मारायची, जरी नाव दर वेळी निराळं असायचं. डेक्स्टर हेल स्वतःच्या नावानेच हाक मारून घ्यायचा आणि तेवढ्यावर खूश असायचा.

एका प्रसंगात दोघं हॉटेलात एकच आइस्क्रीम मागवतात आणि एकाच चमच्याने आळीपाळीने खातात. मागे ऑर्व्हिल ट्रे घेऊन वेटर म्हणून उभा, अर्थात पाठमोरा. दिवे लावले, मेकअप झाला, आणि तेवढ्यात सिनेमातल्या शीलाची राखण करणाऱ्या कचेरीचं पत्र घेऊन माणूस धावत आला. या कचेरीच्या धाकाने सिनेमातल्या नवरा-बायकोंच्या पलंगांमध्येसुद्धा एक टेबल मावेल इतकं अंतर ठेवत, तर ही दोघं अजून कोणीच नव्हती. दिग्दर्शक कार्व्हरसाहेबांनी पत्र मोठ्याने वाचलं: "अविवाहित स्त्री-पुरुषांनी एकच चमचा आळीपाळीने तोंडात घालणे औचित्यास धरून नाही. तरी चमच्यांची संख्या वाढवावी, व ती वाढल्याचे प्रेक्षकांस स्पष्ट कळेल असे करावे."

"स्पष्ट कसं कळवू?" कार्व्हरसाहेब ओरडले. "पाटी लावू का चमच्यावर?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळात जवळचा ट्रेवाला माणूस ऑर्व्हिल होता. "ए, तू! वळ इकडे. म्हण, 'दोन चमचे आणू का, साहेब?'"

ऑर्व्हिल वळला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणी वळायला सांगितलं होतं. त्याने एकदा छातीवर हात ठेवून आतलं पत्र चाचपलं आणि म्हणाला, "दोन चमचे आणू का, साहेब?"

चौदा टेक झाले. त्याचं पहिल्यालाच बरोबर आलं होतं, हे इथे सांगितलंच पाहिजे. पण दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीम टिकत नाही, म्हणून वाटीत उकडलेल्या बटाट्याचा गारढोण लगदा भरला होता, आणि तो खाऊन प्रेमाने हसणं डेक्स्टर हेलला जमेना. दहाव्या टेकनंतर तर तो बटाट्याकडे बघायलाही तयार नव्हता. ऑर्व्हिलने मात्र चौदाही वेळा तेवढ्याच आस्थेने विचारलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते दुसऱ्या दिवशी. एक्स्ट्रांच्या युनियनमधल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "बोललास? मग तू आमचा राहिला नाहीस. नटांच्या युनियनमध्ये जा." नटांच्या युनियनमधली बाई म्हणाली, "एकच वाक्य? त्याने कोणी नट होतं का? स्टुडिओचं पत्र आणा." स्टुडिओच्या कचेरीत एका माणसाने पटकथा काढली, पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि शांतपणे म्हणाला, "हे वाक्य पटकथेत नाही. म्हणजे ते कोणी बोललेलंच नाही."

"अहो, पण मी बोललो! चौदा वेळा!"

"तसं लेखी आहे का?"

तीन आठवडे ऑर्व्हिल एक्स्ट्राही नव्हता आणि नटही नव्हता. पाठ दाखवायचीही परवानगी नाही, तोंडाचा तर प्रश्नच नाही. घरी बसून बागेतला नळ दुरुस्त करायला घेतला तर तोही फुटला. बरबँकच्या त्या लहान लहान बंगल्यांच्या गल्लीत नळ फुटला की शेजारी गोळा होतातच. त्यात मिस्टर हॉबार्ट आले. हे निवृत्त औषधवाले, आणि निवृत्त झाल्यापासून जास्तच औषधं देत. त्यांनी नळाकडे बघितलंही नाही. घशासाठी काळ्या गोळ्यांची डबी पुढे केली.

"वाक्य होऊन गेलंय, हॉबार्ट."

"असू दे रे. पुढचं वाक्य येईल तेव्हा घसा तयार हवा ना?"

वाक्याबद्दल हॉबार्टना कोणी सांगितलं? शेजारच्या मिसेस क्रेब्सनी. आणि मिसेस क्रेब्सना? व्हर्नाने. व्हर्नाचं म्हणणं असं की ती फक्त त्यांचं कॅसरोलचं, म्हणजे भट्टीत भाजून शेजाऱ्यांकडे पाठवायच्या जेवणाचं, भांडं परत करायला गेली होती, आणि रिकामं भांडं परत देताना माणूस काहीतरी बोलणारच. मिसेस क्रेब्स साध्यासुध्या बाई असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्या आयोवा मंडळाच्या चिटणीस होत्या. आयोवाची निम्मी माणसं थंडीला कंटाळून उबदार समुद्रकाठी, लाँग बीचला येऊन राहिली आहेत, असं लोक म्हणतात. दर वर्षी ही सगळी मंडळी बागेत जमतात, आपापल्या जिल्ह्याची पाटी लावलेल्या टेबलाशी बसतात आणि जो मुलूख सोडून आलो त्याच्या आठवणीने रडत रडत बटाट्याचं सॅलड खातात. या मंडळींना आपला माणूस म्हणजे काय, ते कोणी शिकवायला नको.

शेवटी कोणीतरी दया येऊन पत्रावर सही केली, ऑर्व्हिल रीतसर बोलका ठरला, आणि मे महिन्यात सिनेमा तयार झाला. सिनेमा जोडणाऱ्या, म्हणजे कात्री आणि डिंक घेऊन दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या मिस पेल्टियर ऑर्व्हिलला ओळखत होत्या. बावीस वर्षं त्याची पाठ त्यांनीच कापली होती. त्या एके दिवशी त्याच्या कानात म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी लाँग बीचला चाचणी खेळ आहे. कोणाजवळ बोलू नकोस. सिनेमाशी संबंध नसलेली साधी माणसं हवीत म्हणून तिथे नेतायत. बघून झाल्यावर लोकांकडून कार्डं भरून घेतात. त्या कार्डांवर सगळं ठरतं."

ऑर्व्हिल खरोखर कोणाजवळ बोलला नाही. फक्त व्हर्नाजवळ बोलला.

गुरुवारी तो थिएटरात शिरला आणि दारातच थबकला. सातशे खुर्च्यांपैकी चारशेंवर आयोवा मंडळ बसलं होतं. छातीवर जिल्ह्यांचे बिल्ले. मिसेस क्रेब्स मधल्या वाटेत उभ्या राहून पेन्सिली वाटत होत्या आणि दबक्या आवाजात सांगत होत्या, "मनापासून लिहा हं. कोणाच्या दडपणाखाली नको. पण वेटरबद्दल लिहा."

"मिसेस क्रेब्स, अहो, हे बरोबर नाही," ऑर्व्हिल कळवळून म्हणाला.

"तू गप्प बस. तुला काय कळतं तुझ्यातलं?"

हॉबार्टनी मागून हात घालून त्याच्या तळव्यात एक काळी गोळी ठेवली. ती त्याने खाल्ली, कारण दुसरं काही सुचेना.

सिनेमा चालू झाला. लोक हसायचे तिथे हसले. खरं म्हणजे बरा होता सिनेमा. मग हॉटेल आलं, आइस्क्रीम आलं, ट्रे आला, आणि ऑर्व्हिल स्टब्ज वळला. त्याबरोबर चारशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "श्शऽऽ!" मिसेस क्रेब्स गरजल्या. एका क्षणात सगळं चिडीचूप. "दोन चमचे आणू का, साहेब?" पडद्यावरचा ऑर्व्हिल म्हणाला. व्हर्नाने त्याचा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली. आणि मग जो गोंधळ उठला! शिट्ट्या, पाय आपटणं, "वा रे पठ्ठ्या!" कोणीतरी आपल्या जिल्ह्याचं नाव ओरडलं. या सगळ्यात डेक्स्टर हेल पडद्यावर मोनाला लग्नाची मागणी घालत होता, ज्यासाठी सबंध सिनेमा काढला होता, त्यातलं एक अक्षर कोणाच्या कानावर पडलं नाही. शेवटच्या रांगेत काळा चष्मा लावून खुद्द डेक्स्टर हेल बसला होता. तो उठून निघून गेला.

व्हर्ना रडत होती. "दिसलास," ती म्हणाली. "आख्खा दिसलास." ऑर्व्हिललाही रडू आलं, पण त्यात भीती जास्त होती.

सोमवारी मिस पेल्टियरनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर कार्डांचा ढीग होता. 'सर्वांत आवडलेले पात्र?' वेटर. वेटर. वेटर. 'काय आवडले नाही?' वेटर फार थोडा वेळ आहे. 'सुधारणा सुचवा.' नायिकेने वेटरशी लग्न करावे, तो स्वभावाने चांगला दिसतो. एकाने लिहिलं होतं, नायक नसता तरी चाललं असतं. हॉबार्टनी सही करून खाली लिहिलं होतं, घसा उत्तम.

"हसू नकोस," मिस पेल्टियर म्हणाल्या. तो हसत नव्हता. "डेक्स्टर हेलने पाय आपटलेत. तो म्हणतो, हा माणूस नको. तोंड नको, आवाजही नको. वाक्य काढता येत नाही, कचेरीचं पत्र आहे, चमचे दोन असल्याचं स्पष्ट कळलं पाहिजे. तेव्हा असं ठरलंय की तुझं चित्र काढायचं, तिथे मोनाचा चेहरा ठेवायचा, आणि वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात बाहेरून ऐकवायचं. वाईट वाटतंय रे मला. बावीस वर्षांनी एकदा तोंड दिसलं तुझं."

ऑर्व्हिल स्टुलावर बसला. जन्मात त्याने स्टुडिओत कोणाकडे काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा कोणी दिला तर घ्यायचा. आता त्याने खिशातून ते घडीवर घडी पडलेलं पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

मिस पेल्टियरनी वाचलं. दोनदा वाचलं.

"तोंड काढा," ऑर्व्हिल म्हणाला. "खुशाल काढा. तोंडाचं काय घेऊन बसलात? पण आवाज माझा राहू द्या. एवढं करा. आता तेवढंच पोचतं त्यांच्यापर्यंत."

"बायकोला काय सांगशील? ती तुझ्या तोंडासाठी थांबलीय ना?"

 त्याने मान खाली घातली, आणि मिस पेल्टियरना तीच ओळखीची पाठ दिसली.

त्यांनी काय केलं, तर काहीच केलं नाही. दुसरा माणूस बोलावला नाही. ऑर्व्हिलचं चित्र काढलं, मोनाचा चेहरा जोडला, आवाज होता तसाच ठेवला आणि तो प्रसंग कार्व्हरसाहेबांना दाखवला. ऑर्व्हिल दाराबाहेर उभा होता. आतून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. 

"हं," कार्व्हरसाहेब म्हणाले. "हा चांगला आहे. त्या आधीच्यापेक्षा कितीतरी बरा. कोण आहे हा?"

"एक नट आहे," मिस पेल्टियर म्हणाल्या.

बाहेर ऑर्व्हिलने भिंतीला हात टेकला. हसावं की अपमान वाटून घ्यावा, ते त्याला ठरवता येईना. चौदा वेळा ऐकूनही या माणसाला आपला आवाज ओळखीचा झाला नाही, आणि नेमकं तेच आज उपयोगी पडलं. असला विचार फार वेळ करू नये म्हणून तो बसस्टॉपपर्यंत भराभर चालत गेला.

सप्टेंबरात सिनेमा लागला. आयोवा मंडळाने तीन रांगा घेतल्या. हॉटेल आलं, आइस्क्रीम आलं, मिसेस क्रेब्सनी "श्शऽऽ!" केलं, आणि पडद्यावर मोना फेअरलीचा भला मोठा चेहरा. कुठूनतरी आवाज आला, "दोन चमचे आणू का, साहेब?" कोपऱ्यात एक बाही दिसली न दिसली. बस.

"कुठे गेला?" अंधारात कोणीतरी विचारलं.

त्या आठवड्यात स्टब्जच्या घरी सात कॅसरोलं आली. त्या गल्लीत घरात कोणी वारलं तर चार येतात. मिसेस क्रेब्सनी निषेधाच्या अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केली. हॉबार्ट म्हणाले, कोर्टात जा, आणि ते काम लांबेल म्हणून मोठी डबी देऊन गेले. प्रत्येक जण दारात उभा राहून ऑर्व्हिलच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात बोलायचा. "आमच्यामुळे झालं का रे हे?" मिसेस क्रेब्सनी एकदा विचारलं. त्यांचा चेहरा बघून ऑर्व्हिल म्हणाला, "छे छे, ते आधीच ठरलं होतं." तेवढं खोटं तो मंडळासाठी बोलला. सहानुभूती खाऊन खाऊन त्याला अजीर्ण झालं, आणि ट्यूना माशाचं कॅसरोल तर पुढे वर्षभर घरात आणू दिलं नाही.

 चौथ्या दिवशी भांडी पुसता पुसता ऑर्व्हिलने व्हर्नाला सगळं सांगितलं. पत्र, मिस पेल्टियर, आणि तोंड काढा असं आपणच म्हटल्याचं. ती हातातली बशी पुसत राहिली. बशी केव्हाच कोरडी झाली होती.

"मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं," ती म्हणाली. "पण विचारायचं होतंस. बावीस वर्षं मी बघत बसले तुझ्यासाठी. त्यात माझंही काहीतरी होतं की नाही?"

"होतं गं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलंच. आणि ते पत्र इतके दिवस एकट्याने खिशात घेऊन फिरलास, त्याचा मला जास्त राग आहे." मग तिने ती बशी त्याच्या हातात दिली आणि पत्र मागून घेतलं. खुर्चीत बसून तिने ते सावकाश वाचलं.

आयोवातल्या लहान गावांना सिनेमे उशिरा मिळतात. शहरं फिरून, ओरखडे पडून, डिसेंबरात ती रिळं तिथे पोचली. बर्फ पडत होतं. कोराचं पत्र आलं ते जानेवारीत, आणि ते दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेजारी शेजारी बसून उघडलं.

"प्रिय ऑर्व्हिल," कोराने लिहिलं होतं, "शनिवारी बाबांना नेलं. रस्ता निसरडा होता, मी म्हटलं पुढच्या शनिवारी जाऊ, तर म्हणाले पुढच्या शनिवारी हा सिनेमा असेल का? पुढच्या रांगेत बसायचा हट्ट धरला. तुझं एक वाक्य आहे एवढंच तू कळवलं होतंस; ते कधी येणार ते मी सांगितलं नव्हतं, मलाच ठाऊक नव्हतं. कोणीही पुरुष बोलला की बाबा मान पुढे करायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. असं तासभर चाललं. मला वाटलं, गेलं बहुधा, ऐकू आलंच नाही. तेवढ्यात तू विचारलंस. मी तुला ओळखायच्या आत बाबा ताडकन उठून उभे राहिले आणि लिलावाच्या आवाजात ओरडले, 'आण की रे बाळा! विचारतोस काय!' सगळं थिएटर हसलं. त्यांना माहीत नव्हतं ना. बाबांनी टोपी घातली आणि माझा हात धरला, म्हणाले, चल घरी. मी म्हटलं, बाबा, बसा, अजून सिनेमा राहिलाय. तर म्हणाले, तुला बघायचा असेल तर बघ, माझा झाला."